दशमूलारिष्टाचा खटला

दशमूलारिष्टाची चव ज्यांना आवडते त्यांच्याविषयी मला पहिल्यापासून संशय आहे. कडू, तुरट, वर गुळाचा आंबूस वास, आणि गिळून झाल्यावर घशात रेंगाळणारी ऊब. बाळंतिणीची कंबर धरू नये, अंगात वात शिरू नये म्हणून ते देतात. माझ्या आईने घेतलं होतं, बहिणीने घेतलं होतं, तेव्हा माझ्या वाट्याला ते येणार हे ठरलेलंच होतं. फक्त मी बाळंत झाले ती कुवेतमध्ये, १९९० चा उन्हाळा लागता लागता, आणि तिथे माझ्याजवळ ना आई होती ना सासू. होत्या त्या मावशी.

या मावशी काही सख्ख्या नव्हेत. रिग्गईला आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायच्या आणि मी लॅबमध्ये होते त्याच हॉस्पिटलात सिनियर नर्स होत्या. मूळच्या मालवणकडच्या. सुट्टीवरून परत येताना त्यांनी माझ्यासाठी सामानातून अरिष्टाच्या बाटल्या आणल्या, कस्टमवाल्याला "दवा, दवा" असं सांगून. तोही बाटली हुंगून तोंड वाकडं करत "रूह", म्हणजे जा, म्हणाला म्हणे. ज्या देशात दारूच्या थेंबासाठी माणसाला विमानात बसवून परत पाठवतात, त्या देशात त्या बाटल्या राजरोस आल्या. आसव-अरिष्टात आपोआप मुरलेला मद्यार्क असतो, ते बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. मी ते वाचलं होतं. वाचून विसरूनही गेले होते, कारण औषध ते औषध.

मावशी रोज ड्युटीवरून येताना आमच्या दारात थांबायच्या. "गो, औषध घेतलंस मां?"

"घेतलं, मावशी."

मग त्या आत येऊन बाटली उजेडाकडे धरायच्या आणि पातळी बघायच्या. नर्स त्या, तोंडच्या बोलण्यावर विश्वास ठेवायची त्यांना सवय नव्हती. पहिले काही दिवस मी नाक दाबून घेतलं. मग निम्मं घ्यायला लागले. मग घेईनासेच झाले. पण पातळी तर उतरायला हवी, म्हणून मी ते स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतायला लागले. वर नळ सोडून द्यायचा, झालं. एवढ्या प्रेमाने औषध आणणाऱ्या बाईचं मन कशाला मोडा! यात कोणाचंही काही बिघडत नव्हतं, असं मला खरोखर वाटत होतं.

माझा नवरा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनला होता. गुरुवारी अर्धा दिवस आणि शुक्रवारी सुट्टी. लेक झाल्यापासून घरात रडणं आणि दुपटी, त्यामुळे गुरुवार दुपार झाली की त्याचे पाय सबाह अल-सालेमकडे वळायचे. तिथे त्याच्या एका सहकाऱ्याची बायको मुलांना घेऊन भारतात गेली होती, आणि रिकाम्या घरात चार-पाच जण रमी खेळायचे. तशा घरांतून बाथरूममध्ये झाकून ठेवलेल्या पिंपात मनुका आणि यीस्ट काय करत असतात हे आम्हा बायकांना माहीत असायचं. पण विचारायचं नसायचं. हीच आमची संस्कृती. आमचा तसा पिणारा नव्हता, आणि तसा न पिणाराही नव्हता.

तर असाच एक गुरुवार. नुकती असरची, म्हणजे दुपार कलतानाची, बांग होऊन गेलेली. मी लेकीला पाजत होते. खाली मोठा आवाज झाला आणि मग डबे गडगडत गेल्यासारखा आवाज येत राहिला. खिडकीतून बघते तर आमची पांढरी गाडी वळणावर फुटपाथ चढून इराण्याच्या दुकानाबाहेरच्या बर्फाच्या पेटीवर गेलेली, रस्ताभर पेप्सीचे डबे, आणि आमचे यजमान कपाळाला हात लावून गाडीला टेकून उभे. इराणी मला दिसला नाही. तो पेटीच्या पलीकडे जमिनीवर होता. घोट्याचं हाड मोडलं होतं.

मी जिना उतरेपर्यंत पोलीस आले. एकाने नवऱ्याच्या तोंडाजवळ नाक नेलं, दुसऱ्याकडे बघून मान हलवली आणि त्याला गाडीत बसवलं.

मावशी आणि मी लेकीला घेऊन मखफरला गेलो, म्हणजे पोलीस चौकीवर. नवरा बाकावर बसला होता. मला बघताच तो मराठीतून म्हणाला, "मी सांगितलंय त्यांना. घरून निघताना अंग दुखत होतं म्हणून तुझं दशमूलारिष्ट घेतलं. चांगली अर्धी वाटी. तू सांग ते औषध आहे म्हणून."

तो माझ्याकडे अगदी सरळ बघत होता. समोरचा अधिकारी वाट बघत होता, तेव्हा मी इंग्रजीतून सांगितलं की हो, ते औषध आहे, बाळंतिणीचं. यात खोटं काहीच नव्हतं. तरी बोलून झाल्यावर माझे कान गरम झाले.

नवऱ्याचं रक्त दुसऱ्या हॉस्पिटलात तपासलं गेलं आणि त्याला जामिनावर सोडलं. रिपोर्टात एवढंच आलं की मद्यार्क आढळला. किती, ते नाही. मला त्याचा भयंकर राग आला. आढळला म्हणजे काय? मी दिवसभर रक्तातली साखर मोजते, 'आढळली' असं लिहून दिलं असतं तर डॉक्टरांनी मला हाकलून दिलं असतं. पण कायद्याला माझ्या आकड्यांची गरज नव्हती. दारू पिऊन माणसाला उडवलं हे ठरलं, तर तुरुंग, आणि तुरुंग संपला की थेट विमान, पुन्हा या देशात पाऊल नाही. माझी नोकरी, रिग्गईचं घर, सासरचं अर्धं बांधलेलं घर, सगळं त्या एका शब्दावर लटकलेलं. आणि नवरा आत बसला तर मी तान्ह्या लेकीला घेऊन एकटी.

वकील मिसरी, म्हणजे इजिप्तचा होता, भला जाडजूड आणि आनंदी. तो आमच्या सोफ्यावर बसला आणि म्हणाला की मॅडम, फार सुंदर केस आहे. त्याने बाटली मागितली. बाटली तळाला गेली होती. ती कधी उघडली, मी रोज किती घेते, हे त्याने विचारलं. उत्तर मावशींनीच दिलं, त्या अशा वेळी कोणाला बोलू देत नसत. अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत त्यांनी बाटली आपल्यासमोर उघडल्याचं सांगितलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू दोन वेळ घेतलंस तरी इतक्या कशा जातला गो? उरलेला तेणाच घेतल्यान. काय एक जावचा नाय तुज्या घोवाक. मी सांगतंय मां."

वकिलाने टाळीच दिली असती. जे जास्तीचं गेलं ते नवऱ्याने घेतलं, ही रिकामी बाटली हाच पुरावा. बायकोने जजसमोर येऊन एवढंच सांगायचं की माझा डोस अमुक, बाटली उघडली अमुक दिवशी. अजाणता औषध घेतलं म्हटल्यावर दंडावर भागेल.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी चहा करायला उठले.

सिंकसमोर उभं राहून मी हिशेब करायला लागले. ठरल्यापेक्षा जास्त ओतलं होतं का मी? ओतलं होतं. बाटली लवकर संपावी म्हणून मी हात सैल सोडला होता. पण किती सैल? लॅबमध्ये पिपेटने थेंबाथेंबाने मोजणारी मी, घरी अंदाजपंचे ओतत होते. कदाचित सगळंच जास्तीचं सिंकमध्ये गेलं असेल. कदाचित निम्मं गेलं असेल आणि निम्मं खरंच त्याने घेतलं असेल. त्या दुपारी तो निघाला तेव्हा मी लेकीशेजारी झोपले होते. अंग दुखतंय असं तो त्या आठवड्यात म्हणाला होता का? म्हणाला असेल. सगळेच म्हणतात.

तुम्ही म्हणाल, सरळ विचारायचं की नवऱ्याला. विचारलं असतं तर त्याने उत्तर दिलं असतं. आणि मग ते उत्तर घेऊन मला जजसमोर उभं राहावं लागलं असतं. न विचारता मी निदान गोंधळलेली तरी होते. गोंधळलेलं माणूस खोटं बोलत नाही, असं मी स्वतःला समजावत होते. चहा उतू गेला.

इराण्याला बघायला मी हॉस्पिटलात गेले. पाय वर टांगलेला. त्याच्याकडून आम्ही रोज खुबूसच्या रोट्या आणि दही घ्यायचो, लेक झाली तेव्हा त्याने खजुराचा डबा दिला होता. त्याने मोडक्या हिंदीत विचारलं, "बहन, तेरा आदमी पिया था?"

"दवा लिया था," मी म्हटलं.

"दवा," तो म्हणाला. मी तक्रार मागे घ्याल का असं विचारणार होते, तर त्यानेच सांगितलं की जज बोलेल ते खरं, त्याला आणखी काही नको. दंड काय, तुरुंग काय, त्याचं त्याला पडलेलं नव्हतं. नक्की काय झालं, एवढंच त्याला मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. मला त्याचा हेवा वाटला, कारण मलाही तेच हवं होतं, आणि मला तर मधेच साक्ष द्यायची होती.

पहिल्या तारखेला जजने शांतपणे सगळं ऐकलं. दुभाष्याला 'बाळंतीण' समजावताना वकिलाला घाम फुटला. जजने बाटली सरकारी प्रयोगशाळेत पाठवली आणि पुढच्या तारखेला बायकोला घेऊन या म्हणून सांगितलं. तोपर्यंत पासपोर्ट आणि गाडीचा परवाना त्यांच्याकडे जमा. पुढची तारीख ऑगस्टच्या सुरुवातीच्या शनिवारची होती.

मी रात्रंदिवस त्या शनिवारची उजळणी करत होते. माझा डोस एवढा, बाटली उघडली तेव्हा. आणि तिथे थांबायचं. जजने पुढे विचारलंच की तुम्ही तो डोस रोज घेत होतात ना, तर? या प्रश्नापाशी माझी जीभ दरवेळी अडायची. हो म्हटलं तर खोटी शपथ. नाही म्हटलं तर लेकीच्या बापाला मीच आत घातलं. कधी मी हो म्हणायचं ठरवायचे, कधी नाही, आणि दोन्ही वेळा मला हायसं वाटायचं. हे कसं काय, ते मला आजही सांगता येत नाही.

शनिवार आलाच नाही. म्हणजे आला, पण त्याच्या आधीच्या गुरुवारी पहाटे इराकचे रणगाडे शहरात शिरले होते. कसलं कोर्ट आणि कसला जज! आम्ही गाद्या खिडक्यांना लावून आतल्या खोलीत बसलो होतो, आणि त्या भीतीतसुद्धा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की आता मला साक्ष द्यावी लागणार नाही. हे मी त्या वेळी कोणाला सांगितलं नाही. लोक मरत होते.

पुढचं आमच्यासारख्या हजारो लोकांचं झालं तेच आमचं झालं. बस, बगदाद, सरहद्दीवरचा तंबू, अम्मान. मावशी मात्र मागे राहिल्या, वॉर्डातले पेशंट सोडून येणार नाही म्हणाल्या. अम्मानला आपल्या दूतावासाच्या माणसाने नवऱ्याला विचारलं, पासपोर्ट कुठे आहे? "रिन्युअलला दिला होता," नवरा पापणी न हलवता म्हणाला, "तेवढ्यात हे झालं." त्या माणसाने हळहळून तात्पुरता कागद करून दिला. मी शेजारी लेकीला घेऊन उभी होते. किती गुळगुळीत खोटं बोलतो हा, असं माझ्या मनात आलं, आणि लगेच वाटलं की अशा वेळी कोण खरं बोलेल? मी तरी काय बोलले असते?

मुंबईत उतरून आम्ही सासरी राहिलो. लोक युद्धाच्या गोष्टी ऐकायला यायचे, आणि नवरा रंगात आला की खटल्याची गोष्ट सांगायचा. ती गोष्ट दिवसेंदिवस फुलत गेली. अर्ध्या वाटीची वाटी झाली, मग पेला झाला. जज दुभाष्याला विचारतो की ही दहा मुळं कुठली, आणि वकील मुळा-गाजरांची नावं सांगतो, इथे तर सगळे खो खो हसायचे. "सुंठीवाचून खोकला गेला!" असं म्हणून तो गोष्ट संपवायचा. मीही हसायचे. दहा वेळा ऐकल्यावर मला ते पेला तोंडाला लावलेलं दृश्य दिसायलाच लागलं. मी झोपले होते तरी. तो कपाटासमोर उभा आहे, तोंड वाकडं करतोय, सगळं. मला वाटायला लागलं की घेतलंच असेल त्याने.

युद्ध संपलं, आणि ९१ च्या शेवटाला हॉस्पिटलने मला परत बोलावलं. नवऱ्यालाही काम मिळालं. आम्ही परत रिग्गईतच जागा घेतली. भिंतीवरून बोट फिरवलं तर काजळी लागायची. मावशी भेटल्या, अर्ध्या झालेल्या, केस पांढरे. लेकीला पोटाशी धरून रडल्या आणि मग पहिला प्रश्न विचारला, "त्या केशीचा काय झाला गो?"

तेच तर मला कळत नव्हतं. नवरा परवान्याशिवायच मित्राकडून घेतलेली गाडी फिरवत होता, त्या दिवसांत कोणी विचारत नव्हतं म्हणून. मी म्हटलं, कोर्टात जाऊन विचारू या. उद्या इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, काढताना नाव निघालं तर?

"हात दाखवून अवलक्षण कशाला?" तो म्हणाला. "गेलं ते गेलं."

"तुझं गेलं असेल. मला जायचं आहे."

मी इतक्या जोरात बोलले की लेक दचकली. इकामा हे निमित्त होतं हे तेव्हा मला स्वतःलाही नीट कळलं नव्हतं. मला निकाल हवा होता. कोणीतरी खुर्चीवर बसून सांगायला हवं होतं की हा माणूस पिऊन आला होता, किंवा नव्हता. इराण्याच्या दुकानात आता दुसरेच लोक होते. आधीचा मालक कुठे गेला, त्याचा पाय बरा झाला का, त्यांना माहीत नव्हतं. तो पायावर उभा राहिला का हे मला अजून माहीत नाही.

कोर्टातला कारकून तरुण कुवेती होता. त्याने नाव लिहून घेतलं, आत गेला, हात झटकत बाहेर आला. आधीच्या वर्षीची तसली प्रकरणं सगळी जळाली किंवा लुटली गेली, तो म्हणाला. ज्याला लागलं होतं त्याने नव्याने तक्रार केली तर बघता येईल. तो आहे का? नाही? मग खलास.

"म्हणजे निर्दोष?" मी विचारलं.

"निर्दोष नाही. दोषीही नाही. केसच नाही." त्याला माझ्या चेहऱ्याकडे बघून नवल वाटलं असावं. आनंदाची बातमी ऐकून बाईने असं तोंड का करावं!

बाहेरच्या व्हरांड्यात नवऱ्याने लेकीला उचलून हवेत उडवलं आणि झेललं. ती खिदळली. मला वाटलं, आता काही अडत नाही. आता कोणी साक्षीला बोलावणार नाही, कोणी आत जाणार नाही. आता तरी मनातलं बोलून टाकावं.

"एक सांगू?" मी म्हटलं. "ते अरिष्ट मी घेतच नव्हते. सिंकमध्ये ओतत होते."

"माहीत आहे की."

"काय माहीत आहे?"

"सिंकला वास यायचा गं. सकाळी चहाची भांडी विसळताना." तो लेकीचं झबलं खाली ओढत होता. "म्हटलं नाही आवडत तर नाही आवडत, मावशींना कशाला सांगा."

"मग बाटली…"

"मखफरमध्ये एकदम सुचलं. बाटली तर रिकामीच आहे. आणि मला खात्री होती, तू काही बोलणार नाहीस."

हे तो कौतुकाने म्हणाला. माझी तारीफ करावी तसं, डोळ्यांत खरंखुरं प्रेम होतं. मी त्या उन्हाळ्यात रात्र रात्र जागून ठरवत होते की याला वाचवू की खरं बोलू, आणि याने ते माझ्या वतीने बाकावर बसल्या बसल्या ठरवून टाकलं होतं. माझा तो सगळा जीवघेणा गोंधळ माझा एकटीचा होता. त्याचा एक क्षणही गोंधळ झाला नव्हता. मला इतका राग आला की हसूच फुटलं, आणि मग ते रडणं झालं, आणि त्याला वाटलं की केस सुटल्याच्या आनंदाने रडतेय. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी त्याच्याकडून लेकीला घेतलं. गाडीपाशी त्याने नेहमीसारखं पुढचं दार माझ्यासाठी उघडलं. मी मागचं दार उघडून लेकीला घेऊन मागे बसले.

"पुढे ये ना," तो म्हणाला.

"नाही."

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं, काही विचारावं की नाही असं त्याला पहिल्यांदाच वाटलेलं दिसलं, आणि त्याने गाडी सुरू केली. मला चालवता येत नव्हती, म्हणून मला त्याच गाडीतून घरी जावं लागलं.